साडेतीन कोपऱ्यांची खोली

भाऊबीजेला आमच्या सोप्यात सतरंजी अंथरायची म्हटलं की दरवर्षी एकच भांडण होतं. सतरंजी सरळ आणि सोपा वाकडा! एका भिंतीला लावून अंथरली की समोर फरशीची तिरकी पट्टी उघडी राहते आणि त्या गार फरशीवर बसायची पाळी नेहमी माझ्यावर येते.

मी लहान असताना आमच्या घरापुढचा रस्ता रुंद झाला आणि घराचा पुढचा तुकडा तिरका कापला गेला. भरपाई वगैरे रीतसर मिळाली, तक्रार काही नाही. आप्पांनी रस्त्याच्या रेषेत नवी भिंत बांधून घेतली आणि उरलं त्याला आम्ही सोपा म्हणत राहिलो. डावी भिंत १३ फूट, उजवी ६ फूट, मागची १० आणि रस्त्याकडची तिरकी सव्वाबारा. उंची ९ फूट. डावी भिंत जिथं तिरकीला मिळते तो कोपरा ५५ अंशांचा. (ड्रॉइंगच्या सेटस्क्वेअरपैकी एकही त्यात नीट बसत नाही, मी लावून पाहिलाय.) त्याच्यासमोरचा कोपरा इतका पसरट की आई त्याला अर्धाच धरते. म्हणून आमचा सोपा साडेतीन कोपऱ्यांचा. त्या निमुळत्या कोपऱ्यात कपाट बसत नाही, कॉट बसत नाही. तिथं शिडी, गणपतीचं मखर, जुनी मोटर आणि 'लागेल कधीतरी' या सदरातलं सगळं सामान नांदतं.

या सोप्यात मी २०२४च्या दिवाळीत स्टुडिओ केला. तेव्हा मी टी.ई.ला होते. दिवाळीची सुट्टी आणि तिला जोडून पी.एल., म्हणजे अभ्यास सोडून काहीही करायला उत्तम मुहूर्त!

कारण आप्पा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून ते रिटायर झाले, पण गावात त्यांना मेकॅनिक म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. भजनी मंडळात तीस वर्षं ते पुढे गातात. पट्टी काळी चार. पेटीवाल्यांना यातच काय ते कळेल. बाकीच्यांनी एवढंच समजा की तिसऱ्या मजल्यावरून खाली मेसमध्ये हाक मारताना आपला आवाज जिथं संपतो, तिथून आप्पांचा सुरू होतो.

त्या पावसाळ्यात त्यांच्या गळ्याशी गाठ दिसायला लागली. थायरॉईडची. तपासणीत वाईट काही निघालं नाही, पण गाठ मोठी होती, श्वासनलिकेवर दाब येत होता, काढायचं ठरलं. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा या ग्रंथीला अगदी खेटून जातात. त्या जपूनच ऑपरेशन करतात, बहुतेकांचं बोलणं व्यवस्थित राहतं. पण त्यातली एक नस फार बारीक असते, तिला धक्का लागला तर आवाज पूर्वीसारखा वर चढत नाही. हमी देता येत नाही. मी शेजारी बसून ऐकत होते. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "काकडा संपल्यावर चालंल का?"

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे देवळात काकडा असतो. तो आप्पांनी कधी चुकवलेला नाही. डॉक्टर म्हणाले, चालेल. तारीख पडली १८ नोव्हेंबर.

घरी त्यावर कोणी काही बोललं नाही. मी आप्पांना सांगितलं की कॉलेजचा मिनी प्रोजेक्ट आहे, तुमचं भजन रेकॉर्ड करायचंय. ते "बरं" म्हणाले आणि चहा प्यायले.

आता पहिली कबुली. घरी जाताना मी आपल्या मेसमधून अंड्यांचे साठ ट्रे नेले. (मामांना मी 'प्रोजेक्ट' सांगितलं होतं. या शब्दावर आपल्या कॉलेजात काहीही मिळतं.) कंडक्टरने ट्रे टपावर टाकायला नकार दिला, त्यामुळे तीन तास ते मांडीवर. घरी गेल्यावर मी आणि धाकट्या भावाने ते तिरक्या भिंतीला चिकटवले, खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. आधी जसं 'टर्रर्र' यायचं तसंच आलं. ट्रे कागदाच्या लगद्याचे, पातळ आणि हलके. त्यांच्या उंचवट्यांनी फार तर वरच्या फ्रिक्वेन्सी थोड्या इकडेतिकडे विखुरतात, पण ट्रे आवाज पितात असं समजून लावणं म्हणजे ताप उतरायला थर्मामीटर झटकण्यासारखं. शिवाय ते काडीपेटीसारखे पेटतात. तेव्हा हे वाचून कुणी रूममध्ये ट्रे चिकटवायला निघालं असेल तर थांबा, आणि रेक्टर सरांपुढे माझं नाव काढू नका.

मात्र ट्रे काढताना एक गोष्ट लक्षात आली. ती 'टर्रर्र' येते कुठून? समोरासमोरच्या दोन समांतर कडक भिंतींमध्ये आवाज टेबल टेनिससारखा टोलवला जातो तेव्हा ती होते. मला वाटत होतं, खोली वाकडी म्हणून हे सगळं. प्रत्यक्षात तिरकी भिंत बिचारी निर्दोष होती! तिच्यावर आपटून आवाज कुठेतरी तिसरीकडेच जातो. गुन्हेगार होत्या त्या दोन सरळ भिंती, १३ आणि ६ फुटी, एकमेकींपासून १० फुटांवर, आणि फरशी व स्लॅब. ज्या भिंतीला आम्ही इतकी वर्षं नावं ठेवली, तिला काहीच लावायची गरज नव्हती.

मग मी एफ.ई.चं फिजिक्सचं पुस्तक काढलं. 'सॅबिनचं सूत्र लिहून स्पष्ट करा.' आपण सगळ्यांनी हे पाठ केलंय आणि पेपर संपल्यावर विसरलोय. खोलीचं आकारमान भागिले एकूण शोषण, गुणिले ०.१६१, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ. आमचा सोपा साधारण २४ घनमीटर. गिलावा, फरशी, स्लॅब, सगळं कडक. हिशेबाने दोन सेकंदांच्या आसपास आलं. बोलण्या-गाण्याच्या छोट्या खोलीला ०.३ सेकंद पुरे, असं मी कुठे कुठे वाचलं होतं. तेवढ्यासाठी आणखी दहा-अकरा चौरस मीटर 'उघडी खिडकी' हवी. म्हणजे जिथं गेलेला आवाज परत येत नाही एवढा पृष्ठभाग. कापसाची जाड गादी म्हणजे तेवढ्याच मापाची उघडी खिडकी, असं उदारपणे धरलं तर सहा बाय तीनच्या सात गाद्या.

या सॅबिनसाहेबांची गोष्ट आपल्याला कोणी शिकवत नाही, फक्त सूत्र शिकवतात. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवं लेक्चर हॉल बांधलं आणि तिथं शिकवलेलं कुणाला कळेना. एक शब्द साडेपाच सेकंदांहून जास्त वेळ घुमायचा. ते दुरुस्त करायचं काम सत्तावीस वर्षांच्या वॉलेस सॅबिनवर आलं. त्याने काय केलं, तर शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उश्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून स्टॉपवॉचने मोजायचं, आणि सकाळी थिएटर उघडायच्या आत सगळ्या उश्या परत. रात्री का, तर दिवसा रस्त्याचा आवाज. चार मार्कांच्या त्या सूत्रामागे एवढी हमाली आहे!

आमच्याकडे गाद्या होत्या, पण दिवाळी होती. आई म्हणाली, "भाऊबीजेला आत्या येणार, तिची पोरं येणार. पाव्हणं निजणार कुठं, तुझ्या भिंतीवर?" मी म्हटलं, रात्री काढून देईन. पण रेकॉर्डिंगच रात्री करायचं होतं! दिवसा शक्यच नव्हतं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यामुळे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत प्रचाराच्या रिक्षा आमच्या तिरक्या भिंतीला घासून जायच्या. गाद्यांनी खोलीतला घुमारा जातो, बाहेरचा आवाज अडत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. बाहेरचं अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते आणि फट चालत नाही. आमची भिंत ठीक होती, खिडकी मात्र नुसती जाळी. तिच्यात जुनी गोधडी कोंबून वर प्लायवूडचा तुकडा ठोकला, दाराखाली सुतळीचं पोतं. तरी पहाटे चारला एस.टी. गेली की फरशीतून पायाला कळायचं.

गाद्या येईपर्यंत मी भलतंच काम काढलं, त्याची ही दुसरी कबुली. वाचलं होतं की छोट्या खोलीचा खरा शत्रू खर्ज. १० फुटांत ५६ हर्ट्झची लाट अडकते, ९ फूट उंचीत ६२-६३ची, आणि वाकड्या खोलीत हे अडकणं टळत नाही, उलट त्याचं गणित अवघड होतं. झालं! चार दिवस मी लॅपटॉपवर मोजमापाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून आलेख काढत बसले. स्पीकर इकडे ठेव, तिकडे ठेव. वाकड्या खोलीला मधली रेषाच नसल्यामुळे डावा-उजवा कधी जुळेचना. पाचव्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, आप्पा एवढ्या खाली गातात का?" नाहीत. आप्पांचा आवाज तिथपर्यंत उतरतच नाही. खालचं जे काही होतं ते पखवाजाच्या धुमेत होतं, आणि ऐकायला हेडफोन पुरेसे होते. खोली कशासाठी करतोय हे विसरून मी खोलीच दुरुस्त करत बसले होते. अठरा तारखेकडे जाणारे चार दिवस गेले ते गेलेच.

गाद्यांचा प्रश्न नानाकाकांनी सोडवला. ते मंडळाचे पखवाजी आणि त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. "गाद्या पायजेत? पन्नास ने. पण तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, मग एक पण नाय." भाऊबीज झाल्यावर टेंपोतून दहा गाद्या, बांबू आणि सुतळी घेऊन ते स्वतःच आले. बांबू उभे बांधून गाद्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या. (मागे हवा राहिली की तीच गादी जास्त खालचे सूर पिते. फुकटात मिळणारी एवढीच एक गोष्ट मला या सगळ्यात सापडली.) तीन गाद्या गुंडाळून त्या निमुळत्या कोपऱ्यात फरशीपासून वरपर्यंत कोंबल्या. जिथं पंधरा वर्षं काही बसलं नव्हतं, तिथं त्या अशा बसल्या की जणू कोपरा त्यांच्याच मापाने कापलेला. पखवाजाची धूम लगेच आवरली. मखर आणि मोटर अंगणात गेली आणि आईने ती परत आत घेतली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री अकराला मंडळी जमली. आपल्या गॅदरिंगच्या बँडमधल्या एका मेकॅनिकलच्या सिनियरने दोन माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस दिला होता. कंडेन्सर माइकने मधल्या खोलीतलं घड्याळ आणि शेजाऱ्यांचं कुत्रं आधी पकडलं, मग आप्पा. म्हणून तो पेटी-पखवाजाला दिला आणि साधा डायनॅमिक आप्पांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. माइकची पाठ खिडकीकडे, कारण असा माइक मागचं कमी ऐकतो. आप्पांची पाठ गाद्यांकडे, कारण तो समोरचं सगळं ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या मागची भिंतसुद्धा. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर लावला की हूं असा गुणगुणाट यायचा. टाळकऱ्यांना मधल्या खोलीत बसवून दार अर्धं उघडं ठेवलं. ते जरा रागावले, पण टाळ खोलीत असला की बाकी कुणीच ऐकू येत नाही, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

रूपाचा अभंग सुरू झाला आणि दोन मिनिटांत आप्पा थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. मी हेडफोनमध्ये ऐकत होते. आवाज अगदी स्वच्छ, पुस्तकात लिहितात तसा. पण आप्पा जोर लावत होते, सूर किंचित वर सरकत होता. तीस वर्षांत मी त्यांना असं गाताना ऐकलं नव्हतं. (म्हणजे माझ्या वीस वर्षांत.) मला वाटलं गाठीमुळे. पोटात गोळाच आला. आपल्याला उशीर झाला.

आप्पा गाद्यांकडे बघत म्हणाले, "अगं, आवाज माघारी येतच नाही. कुणाला म्हणतोय तेच कळंना."

देवळाचा सभामंडप दगडी. तिथं म्हटलेलं दगड परत देतो आणि गाणारा त्यावर पुढचा सूर ठेवतो. मी ते सगळं पिऊन टाकलं होतं. ०.३ सेकंद! बोलण्याच्या खोलीचा आकडा मी गाणाऱ्या माणसाला लावला होता. नानाकाका पखवाज बाजूला ठेवून उठले, भावाने सुतळ्या सोडल्या. एक गादी काढली, आप्पांनी नुसता आ लावून पाहिला. दुसरी काढली. तिसरी काढली. तिरकी भिंत पुरती उघडी झाली आणि आप्पांचं तोंड तिच्याकडे वळवलं. चौथीला हात लावला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता बरंय."

किती सेकंद होते ते मी मोजलं नाही. लॅपटॉपवर मोजायचं सॉफ्टवेअर उघडंच होतं, पण सुचलं नाही.

मग बावन्न मिनिटं कुणी थांबलं नाही. अभंग, गौळण, शेवटी भैरवी. मध्ये एक एस.टी. गेली, एकदा कुत्रं भुंकलं. भैरवीत आप्पा वरच्या सुराला गेले आणि तिथं राहिले, किती वेळ ते फाइलमध्ये आहे. मी मीटरच्या लाल रेषेकडे बघत होते, कारण वर बघायची हिंमत नव्हती. झाल्यावर आईने सगळ्यांना चहा दिला. सव्वादोन वाजले होते. मंडळी तीन तासांनी काकड्याला परत भेटणार होती, म्हणून कोणी घरी गेलंच नाही, उरलेल्या गाद्या सोडून त्यांच्यावरच आडवी झाली. गाद्यांचा इतका सार्थ उपयोग सॅबिनलाही जमला नसेल!

मी वायरी गुंडाळत होते. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "सबमिशन अठराच्या आत असंल न्हाई?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मार्क किती?" मला काही बोलता आलं नाही. ते हसले आणि गळ्याला मफलर गुंडाळून देवळाकडे गेले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बोलणं काही आठवड्यांत मूळ पदावर आलं, जरा घोगरं. डिसेंबरच्या पेपरांत माझा एक विषय राहिला. तो सिग्नल प्रोसेसिंगचाच होता, यावर आमच्या मॅडमना अजून हसू येतं. आप्पा संक्रांतीनंतर पुन्हा मंडळात बसायला लागले, आधी नुसते टाळ घेऊन. आता गातात. पट्टी काळी चारवरून काळी एकला आली. मागच्या कोरसला सवय व्हायला वेळ लागला, ती पोरं अजून मधूनच वर निसटतात.

रेकॉर्डिंग त्यांनी बरेच दिवस ऐकलं नाही. मीही म्हटलं नाही. मग एप्रिलमध्ये मी घरी गेले होते, दुपारी सोप्यात ते हेडफोन लावून बसलेले दिसले, खाचेला टेकून. तीन गाद्या नानाकाकांनी तिथंच राहू दिल्यात. बावन्न मिनिटं मी मधल्या खोलीत भाजी निवडत होते, मेथीची एक जुडी संपून दुसरी घेतली. संपल्यावर हेडफोन काढून म्हणाले, "गौळणीत नाना पळालाय."

मी म्हटलं, "हो, थोडा."

"आणि एस.टी. कुठली ती? क्लच गेलाय तिचा."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "काळी एकमधी परत एकदा घिऊ. घाई नको. नानाला विचारलंय मी. आषाढानंतर लग्नं नसतात, त्याच्या गाद्या चार म्हैनं पडूनच असतात."